लुंबिनीची वाट, पंढरीचा कांदा

सारा महाराष्ट्र पायी वाट तुडवीत पंढरपूरला येतो. आम्ही पंढरपूरकर मात्र डिसेंबर २०१५ मध्ये गाठोडी बांधून लुंबिनीला निघालो होतो. शेजारचे बुक्का-माळांचे दुकानदार म्हणाले, "अहो, देव दारात असताना एवढ्या लांब कशाला?" आम्ही हसून जयभीम केला आणि कुर्डुवाडीची एस.टी. धरली. विहारात दोन वर्षे भिशी टाकून पैसा जमवला होता. बत्तीस माणसे होती. साखर कारखान्यावरचे, नगरपालिकेतले, हमाली करणारे, आणि सात-आठ म्हाताऱ्या. भन्तेंनी निघताना बजावले होते की, माती पुडीत बांधून आणायची नाही. पाहायचे, समजून घ्यायचे आणि परत यायचे. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि येताना पुड्या आणल्याच.

खरे म्हणजे आम्हाला काठमांडूलाही जायचे होते. परमपूज्य बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ते शहर डोळ्यांनी पाहावे अशी आमची इच्छा होती. पण गोरखपूरलाच कळले की नेपाळात डिझेल नाही, बसवाले दुप्पट-तिप्पट भाडे मागतात आणि तरीही पोचवण्याची हमी देत नाहीत. काठमांडू राहिले ते राहिलेच.

सोनौलीच्या नाक्यावर पोचलो तर रस्त्याच्या कडेने ट्रकांची रांग लागलेली. शेवट दिसेना. ड्रायव्हर लोक ट्रकाखाली स्टोव्ह पेटवून भात शिजवत होते. त्यात एक गाडी एम.एच. नंबरची दिसली म्हणून आम्ही थांबलो. ड्रायव्हर नाशिक जिल्ह्यातला, गाडीत कांदा. रक्सौलला आठ दिवस काढून त्याला इकडे वळवले होते. त्याने ताडपत्री उचलून दाखवली. गोणीच्या जाळीतून हिरवे कोंब बाहेर आले होते. "मावशी, हा कांदा आता माझ्याबरोबरच म्हातारा व्हायला लागलाय," असे तो आमच्या म्हाताऱ्यांना म्हणाला. आम्हाला मात्र कुणी अडवले नाही. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही; पिशव्या हातात घेऊन आम्ही कमानीखालून चालत दुसऱ्या देशात गेलो. माणूस जातो आणि कांदा अडतो, हे काही आमच्या ध्यानात येईना.

झाले होते ते असे. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळात मोठा भूकंप झाला. त्यातून उठत असतानाच २० सप्टेंबर २०१५ ला त्या देशाने नवी राज्यघटना लागू केली. तराईत राहणारे मधेशी आणि थारू लोक म्हणत होते की प्रांतांची आखणी, नागरिकत्व आणि मतदारसंघ यांत आमच्यावर अन्याय झाला. आंदोलनात ४० हून अधिक माणसे मेली. मधेशी लोक रक्सौल-बीरगंजच्या पुलावर ठाण मांडून बसले आणि भारताकडून जाणारा माल थांबला. नेपाळ म्हणाला, ही भारताची नाकाबंदी आहे. भारत म्हणाला, आम्ही काही अडवलेले नाही, पलीकडे दंगल आहे म्हणून ड्रायव्हर जायला घाबरतात. फेब्रुवारी २०१६ उजाडेपर्यंत हे असेच चालले. कोण खरे, कोण खोटे, याचा निवाडा आम्ही पंढरपुरात बसून करणार नाही. पण पुलावर कुणी बसलेले नव्हते तिथल्या नाक्यांवरही पेट्रोलच्या टाक्या पुढे सरकत नव्हत्या, हे त्या वेळी पुष्कळांनी लिहिले आहे, आणि सोनौलीची रांग तर आम्ही या डोळ्यांनी पाहिली.

लुंबिनीत उतरलो त्या घरची बाई चुलीवर स्वयंपाक करीत होती. गॅसची शेगडी शेजारी पुसून ठेवलेली. तिने सांगितले, सिलिंडर मिळतो पण अर्धाच भरलेला, तोही महिना-महिना वाट पाहून. सरकारच जळाऊ लाकूड विकायला लागले होते. आमच्या बायकांनी पदर खोचला आणि फुंकणी हातात घेतली. चूल ही काही आमच्या बायकांना नवी नाही. त्या रात्री बत्तीस माणसांची डाळ-भाताची पंगत झाली, पण भाजीत कांदा नव्हता. कांदा सोनौलीला कोंब काढीत उभा होता.

दुसऱ्या दिवशी मायादेवीच्या मंदिराशेजारचा अशोकस्तंभ पाहिला. डिसेंबर १८९६ मध्ये तो पुन्हा उजेडात आला. त्यावरचा ब्राह्मी लेख तिथल्या एका भन्तेंनी आम्हाला उलगडून सांगितला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे २४९ साली, सम्राट अशोक स्वतः इथे आला, त्याने वंदन केले आणि शिळास्तंभ उभा केला. एवढे आम्हाला ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. लेखाच्या शेवटी तो म्हणतो की तथागत इथे जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा बळी, म्हणजे कर, माफ केला आणि उत्पन्नातला राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणला. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी. तो एका लहानशा गावाकडे येतो आणि आपल्या श्रद्धेची खूण म्हणून त्याच्या पाठीवरचा बोजा हलका करतो. तो लेख पाहून बाहेर आलो तर फाटकाशी रिक्षावाले रिकामे उभे होते, पेट्रोल नव्हते म्हणून.

परतीच्या गाडीत आमच्या आजीने विषय काढला. तेव्हा तिचे वय ऐंशीच्या पुढे होते. "आपल्या गावात बी असंच केलतं," ती म्हणाली. गाव भीमेच्या काठचे, पंढरपूर तालुक्यातले. नाव देत नाही, आता तिथे आमची पोरे सरपंचांच्या मांडीला मांडी लावून बसतात. १९५६ च्या दीक्षेनंतर आमच्या लोकांनी मेलेली गुरे ओढायचे सोडले. मग गावाने दुकान बंद केले, गिरणी बंद केली, शेतातले काम बंद केले. आणि शेवटी वाट बंद केली. आमच्या वस्तीला तीन बाजूंनी दुसऱ्यांची शेते आणि चौथ्या बाजूला भीमा. सडकेला यायचे तर कुणाच्या तरी बांधावरून यावे लागे. बांधावर काटी टाकली की संपले. "मारलं न्हाई कुणी. निस्ती काटी टाकली," आजी म्हणाली. पावसाळाभर ते चालले. नदीला पाणी असताना पलीकडच्या गावचे पाहुणे रात्री गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पीठ-मीठ आणीत. काहील गरगर फिरते, वल्हवता येत नाही. एकदा पिठाचे पोते भीमेने नेले, ते आजी मरेपर्यंत विसरली नाही.

चारी बाजूंनी दुसऱ्याची जमीन असलेल्या देशाला पुस्तकात भूवेष्टित देश म्हणतात. आमच्या आजीला तो शब्द माहीत नव्हता, पण अर्थ माहीत होता. नेपाळच्या तीन बाजूंना भारत आणि चौथ्या बाजूला हिमालय. समुद्र गाठायचा तर कोलकाता बंदर, आणि बीरगंजहून तिथवर सुमारे ७०० किलोमीटर, सगळे आपल्या मुलखातून. त्या देशाचा निम्म्याहून बराच अधिक व्यापार एकट्या भारताशी आहे. पेट्रोल, डिझेल, गॅस आपल्याकडून जाते. रुपयासुद्धा आपल्या रुपयाला बांधलेला, १९९३ पासून आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. आणि काटी २०१५ मध्ये पहिल्यांदा पडली असेही नाही. मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि वाहतुकीच्या करारांची मुदत संपली, नवे करार जुळले नाहीत, तेव्हा १५ पैकी दोनच नाके उघडे राहिले होते. नेपाळने चीनकडून शस्त्रे घेतली हा दिल्लीच्या रागाचा एक भाग होता. लोकांनी रॉकेलसाठी रांगा लावल्या. पुढे १९९० मध्ये तिथे राजाविरुद्ध लोकशाहीचे आंदोलन यशस्वी झाले आणि मग वाट मोकळी झाली.

बाबासाहेबांनी बहिष्काराचा जितका विचार केला तितका दुसऱ्या कोणा भारतीय नेत्याने केला नसेल. मारहाण दिसते, तिची फिर्याद होते. बहिष्कारात कायदा मोडलेला दिसतच नाही. दुकानदार म्हणतो, माल विकायचा की नाही ही माझी मर्जी. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या हक्कांचा जो मसुदा ठेवला, त्यात बहिष्काराला शिक्षा देणारी कलमे होती. ती कलमे त्यांनी थोड्या फेरफाराने ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून घेतली होती. आपल्या महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला मात्र २०१६ साल उजाडावे लागले.

आज शेतकऱ्याची वाट अडवली तर तो तहसीलदाराकडे जातो. १९६६ च्या महसूल अधिनियमात कलम १४३ आहे, बांधावरून वाट देण्याचे. खटले वर्षानुवर्षे चालतात ही गोष्ट वेगळी, पण दार ठोठवायला जागा आहे. देशांना तहसीलदार कुठला? समुद्र नसलेल्या देशांना दुसऱ्याच्या मुलखातून माल नेण्याचा हक्क आहे असे १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात आणि १९८२ च्या समुद्रविषयक करारात म्हटले आहे. पण तिथेच पुढे आहे की अटी काय त्या दोन देशांनी आपसात ठरवाव्यात. म्हणजे ज्याचा बांध त्याच्याशीच बोलायचे. नेपाळने २०१६ मध्ये चीनशी वाहतुकीचा करार केला. बातमी वाचली तेव्हा आमच्या मनात आले, ही काहील आहे. हिमालयाच्या पलीकडचे समुद्राचे बंदर कोलकात्याच्या कितीतरी पट लांब. पण पुढच्या वेळी काटी पडली तर निदान पाण्यात उतरता येते एवढे सांगायला ती लागते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे लिखाण एकांगी होईल. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतीहारीहून अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. टँकरच्या रांगांचे दुःख तिने बरेच कमी केले. नेपाळी माणूस आपल्याकडे परवान्यावाचून राहतो, कमावतो. नेपाळ आता आपल्याला वीज विकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याने बांगलादेशलाही वीज विकली, पण तीही आपल्या तारांतून आणि आपल्या संमतीने. विजेलासुद्धा बांध लागतोच.

आता आमच्या गल्लीतल्या गुरख्याबद्दल. पंढरपुरात रात्री शिट्टी वाजवीत, काठी आपटीत जाणारा गुरखा सर्वांनी पाहिलेला आहे. महिन्याच्या सुरुवातीला तो दारात उभा राहतो आणि आपण वीस-तीस रुपये हातावर ठेवतो. सारी गल्ली त्याला बहादूर म्हणते. त्याच्या आधीच्यालाही बहादूरच म्हणत. आम्हीही म्हणत होतो, हे कबूल करतो. ज्यांच्या बापजाद्यांना गावाने कधी धड नावाने हाक मारली नाही, त्यांनी असे करावे याची लाज लुंबिनीहून आल्यावर वाटली. पुढच्या पहिल्या तारखेला तो आला तेव्हा आम्ही त्याला आत बोलावले, खुर्ची दिली आणि नाव विचारले. त्याने सांगितले. आडनाव विश्वकर्मा.

"म्हणजे सुतार-लोहार का भाऊ?" आम्ही विचारले.

तो जरा थांबला. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याकडे पाहत म्हणाला, "लोहार. आमच्याकडे कामी म्हणतात. हमारा पानी नहीं चलता."

सहा वर्षे तो आमच्या दारात उभा राहत होता आणि आम्हाला हे माहीत नव्हते. नेपाळच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने शिवाशिव कायद्यात लिहून ठेवली होती, कोणाचे पाणी चालते आणि कोणाचे नाही, जातवार. १९६३ च्या नव्या ऐनाने ती काढली, २०११ मध्ये जातीय भेदभाव आणि अस्पृश्यता हा शिक्षेचा गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा झाला. "कायदा आहे," तो म्हणाला, "पण गावात अजून पाणी वरून ओततात."

आयुष्मतींनी चहा आणला. त्याने कप हातात घेतला आणि नाकाबंदीची गोष्ट सांगितली. त्याचा बाप दम्याने आजारी होता. त्याने पंढरपुरातून पैसे पाठवले. "दाजू, पैसा पोचला. औषध पोचलं नाही." औषधाची दुकाने उघडी होती आणि फळ्या रिकाम्या होत्या. बाप जानेवारीत गेला. आम्ही त्याला म्हणालो, भारताचा राग येत असेल. तो म्हणाला, येतो. मग म्हणाला, पण पुलावर बसले होते त्यांत मुसहर, चमार, दुसाध पण होते, तराईतले. त्यांना काठमांडूवाले माणसात धरत नाहीत. मोठ्याने लहानाला दाबले आणि लहानाने त्याहून लहानाला, आणि सगळ्यांत लहान होता तो औषधावाचून गेला, असे काहीसे आमच्या मनात आले; त्याने मात्र एवढेच म्हटले की बाप तसाही म्हातारा झाला होता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या. आपण रांगा लावल्या, शिव्या घातल्या, नोटा बदलल्या. याच्या आईने डोंगरातल्या घरात पाचशेच्या सात नोटा पेटीत ठेवल्या होत्या, लेकाने पंढरपूरच्या रात्री जागून पाठवलेल्या. नेपाळच्या बँकांत अडकलेल्या भारतीय नोटांवरून दोन्ही सरकारांची बोलणी झाली, पण त्या म्हातारीच्या नोटा काही बदलून मिळाल्या नाहीत. साडेतीन हजार रुपये. आपल्या नोटेवर भरवसा ठेवणे एवढाच त्यांचा गुन्हा. पुढे नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभरावरच्या भारतीय नोटा चालवायलाच बंदी केली. बरोबरच आहे म्हणा.

आणि आता कांदा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. आधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले होतेच. निवडणुका जवळ आलेल्या, शहरात कांदा महाग होऊ द्यायचा नव्हता. त्या वेळी सोलापूरच्या मार्केट यार्डात गाड्या येत होत्या आणि भाव पडत होता. आमच्या तालुक्यातला शेतकरी वाहतूक आणि हमालीचा हिशोब करून कपाळाला हात लावून परत यायचा. वर्तमानपत्रांत शेतकऱ्याचे दुःख छापून आले, ते योग्यच. पण कांदा काढणाऱ्या, पात कापणाऱ्या बायका बहुतेक आमच्या आणि आमच्यासारख्या वस्त्यांतल्या असतात. भाव नाही म्हणून मालकाने काढणी लांबवली की यांची हजेरी बुडते. आमच्या शेजारच्या दोघी बहिणी तो सारा हंगाम दारात बसून होत्या. त्यांचे दुःख छापून यायला त्या शेतकरी थोड्याच आहेत.

तिकडे काठमांडूत तोच कांदा महागला. नेपाळ खातो तो कांदा मुख्यतः आपल्याकडूनच जातो. २०१९ आणि २०२० सालीही अशीच बंदी झाली होती, म्हणजे सवय होती असे म्हणायचे. बंदी असतानाही सरकारने काही मित्रदेशांना ठरावीक कांदा द्यायला परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेल्या यादीत सहा देश होते: बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस आणि श्रीलंका. नेपाळचे नाव नव्हते. मेच्या सुरुवातीला बंदी उठली, शुल्क राहिले. दिल्लीत कागदावर एक सही होते आणि पंढरपूरच्या बाईची हजेरी आणि नेपाळच्या बाईची फोडणी एकाच दिवशी बंद पडतात. दोघींची ओळख नाही. असती तरी निवडणूक एकीलाच असते, आणि तिलाही कांद्यावर कुणी विचारत नाही.

त्या मार्चमध्ये आमच्या गुरखाभाऊंना आईच्या आजारपणामुळे गावी जावे लागले. निघण्याच्या आदल्या दिवशी ते दारात आले. आयुष्मतींनी शेजारच्या त्या दोघींकडून पाच किलो कांदा घेऊन ठेवला होता, मालकाने हजेरीच्या बदल्यात दिलेला. भाऊंनी पिशवी हातात तोलून पाहिली आणि हसले. नाक्यावर कुणी अडवले तर काय सांगाल, असे आम्ही विचारले. "सांगेन, रस्त्यात खायला घेतलाय."

"पाच किलो?"

"रस्ता लांब आहे, दाजू."

ते मे महिन्यात परत आले. आई बरी होती. पिशवी तीच, धुऊन घडी घातलेली, आणि तिच्यात वर्तमानपत्राच्या पुडीत टिमूर, त्यांच्या डोंगरातली काळसर, तिखट वासाची बारीक फळे. जिभेवर ठेवले की झिणझिण्या येतात. आयुष्मतींनी त्यातला चिमूटभर शेंगदाण्याच्या चटणीत कुटून घातला. त्या दोघी बहिणी चव घ्यायला आल्या. थोरली म्हणाली चांगले लागते, धाकटी पाणी मागायला लागली.